व्हर्लीनबाईंचं निळं दार

सेंट लुईसमधल्या आमच्या गल्लीत व्हर्लीन टगल राहतात. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज असा खणखणीत की हाक मारली तर अख्खी गल्ली गुमान रांगेत उभी राहावी. मी त्यांची शेजारीण, मला तर सवयच झालीय.

पुढच्या दारातून गार वारा येतो म्हणून त्यांच्या नवऱ्याने, क्लाइडने, ते विटांनी बुजवून टाकलं. "हे घर आहे की तुरुंग?" म्हणत बाईंनी त्याच भिंतीवर निळं दार रंगवलं. पितळी मूठ, पत्रांची फट, सगळं हुबेहूब. क्लाइड गेला, दार राहिलं. ये-जा बाजूच्या दाराने.

घरकर्जाचे हप्ते गोळा करणारी कंपनी बदलली आणि जुन्या कंपनीकडे भरलेले हप्ते नवीला सापडेनात. बाई पावत्या धाडून दमल्या. फोन केला की, "तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थांबा," आणि पुढे तासभर बासरी. एक दिवस घराच्या लिलावाची तारीखच आली. बाई खूप रडल्या. मग डोळे पुसले आणि दोन्ही कंपन्यांवर थेट फेडरल कोर्टात दावा ठोकला.

अशा कर्जात लिलावाआधी कंपनीने घरी माणूस पाठवून समोरासमोर बोलायचं, असा नियम आहे. कंपनीने पाठवलेल्या माणसाने शपथेवर लिहून दिलं होतं : 'मी निळ्या दारावर टकटक केली. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या तोंडावर आपटलं.' पठ्ठ्या गाडीतून उतरलासुद्धा नव्हता!

आमचे वकील गॅरिटी यांनी कोर्टात भिंतीचे फोटो पुढे ठेवले. न्यायाधीशबाईंनी ते जवळ धरून पाहिले. "हे दार उघडतं?"

"क्लाइडचं भूत उघडत असेल तर ठाऊक नाही, बाईसाहेब," व्हर्लीन म्हणाल्या. "मला आजवर जमलेलं नाही."

न्यायाधीशबाईंनी फाइल तोंडापुढे धरली, पण खांदे हलत होते. मी चक्क खिदळले. शिपायाने डोळे वटारले, तरी हसू थांबेना. लिलाव थांबला.

महिन्याभराने, घर बाईंचंच राहील अशा तडजोडीचे कागद घेऊन कंपनीचा नवा माणूस आला. आम्ही बाजूच्या पायऱ्यांवर केक खात होतो. तो सरळ गेला आणि निळ्या दारावर टकटक करू लागला. एकदा, दोनदा, तीनदा.

मी हाक मारायला उठले, तर बाईंनी हात धरून खाली बसवलं आणि बसमधला आवाज लावला :

"तुमचं येणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे! कृपया थांबा!"

आणि तोंडानेच बासरी वाजवू लागल्या.