महालक्ष्म्यांची मालगाडी

सासऱ्यांनी खास माझ्यासाठी केलेला मालगाडीचा डबा मी थिनरमध्ये बुडवून विरघळवला. मुद्दाम केलं नाही. चुकून झालं म्हणावं तर तेही धड खरं नाही, कारण त्या दिवशी मी प्रत्येक गोष्ट फार विचार करून करत होतो.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं.

रायपूरला माझ्या सासरी भादव्यात महालक्ष्म्या बसतात. सासरे मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी रेल्वेत, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात गेली आणि रिटायर होऊन ते पुरानी बस्तीतल्या घरात राहायला आले. इतरांकडे महालक्ष्म्यांपुढे धान्याच्या राशी घालतात. आमच्याकडे धान्य मालगाडीनं येतं. तेलाच्या पिप्यांचा पत्रा कापून, वाकवून आणि डाग देऊन सासऱ्यांनी वीत-वीतभर लांबीचे उघडे डबे केले होते. दोघी बहिणींना वळसा घालून रूळ, त्यावर इंजिन, मागे डबे आणि शेवटी गार्डाचा डबा. घरात जितकी माणसं, तितके डबे. पोरगं जन्माला आलं की डबा, सून घरात आली की डबा, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात त्या माणसाचं पहिलं अक्षर. सासूबाईंच्या डब्यात तांदूळ, बायकोच्या डब्यात हरभरा, मेहुण्याच्या डब्यात गहू. गार्डाचा डबा सासऱ्यांचा. तो रिकामा असे. "गार्ड माल नेत नाही, माल सांभाळते," असं ते म्हणत.

दरवर्षी सणाआधी ही गाडी ओव्हरहॉलिंगला निघे. जुना रंग उतरवायचा, पत्रा घासायचा, वॅगनचा तो गेरूसारखा तांबडा रंग पुन्हा फवारायचा, अक्षरं पुन्हा काढायची. रंग बरा दिसत असला तरी उतरवायचाच. कारखान्याची सवय.

या घरात मी आलो तो राजधानीच्या कृपेनं. राज्य नवं झालं आणि भोपाळच्या फायलींबरोबर मलाही रायपूरला पाठवण्यात आलं. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरत होतं. माझं टेबल होतं तिथे पूर्वी पेशंट झोपत, आणि जेवणानंतर मी ती परंपरा मोडू दिली नाही. शहर राजधानी झाल्याबरोबर घरमालकही राजधानीचे झाले, त्यामुळे "खोली मिळेपर्यंत" म्हणून आम्ही नवरा-बायको सासरी उतरलो. खोली मी शोधत होतो. फार जोरात नाही.

पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सासऱ्यांची थोरली बहीण आली. तिला सगळे आत्या म्हणत. दरवर्षी ती बीरगांवहून मुलाच्या स्कूटरवर बसून येई, देवीला हात जोडी आणि मग जमिनीवर बसून गाडीची तपासणी करी. त्या वर्षी तिनं इंजिनापासून गार्डापर्यंत बोट फिरवलं आणि मान वर केली.

"काहून रे, जावयाचा डबा कुठी आहे?"

"जावई पाहुणा असते," सासरे म्हणाले.

"पाहुणा? मंग दोन्ही टाइम इथंच जेवून कोण राहिलं?"

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. लागलं की मी तसाच हसतो. पण जेवताना माझं लक्ष पुरणपोळीवर नव्हतं, हे माझ्या बायकोनं ओळखलं. कारण मी पाचवी पोळी नको म्हणालो. त्यानंतर वर्षभर मी सासऱ्यांच्या अवतीभवती घुटमळत होतो. ते खिळा ठोकायला लागले की मी हातोडा घेऊन हजर. खिळा वाकडा गेला की ते गुपचूप काढून सरळ करत आणि म्हणत, "राहू द्या जावईबापू, तुम्ही बसा." डबा मागून थोडाच घेता येतो? तो मिळायला हवा होता.

दुसऱ्या वर्षी भादवा तोंडावर आला. एक कोरडा दिवस बघून सासऱ्यांनी गाडीची पेटी अंगणात काढली. त्यांच्या हाताला तोवर कंप सुटला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि कोणी बघितलं की एका हातानं. "उद्या आपण डबे कास्टिक सोड्यात टाकू," एवढं बोलून ते सासूबाईंना घेऊन महालक्ष्म्यांच्या जरीच्या खरेदीला सदर बाजारात गेले. मी घरी होतो. "आपण" हा शब्द माझ्या डोक्यात चढला. ते परत येईपर्यंत सगळे डबे चकाचक करून ठेवले तर?

चौकात एक पेंटर बसायचा. गाड्यांच्या नंबरातलं एमपी खोडून सीजी करायचे ते दिवस होते, त्यामुळे बिचारा दिवसभर जुना रंग उतरवत बसलेला असे. त्याला विचारलं.

"कास्टिक में क्या रखा है भैया, थिनर में डाल दो. चाय पीते तक साफ." मग पोऱ्याला हाक मारावी इतक्या सहज त्यानं विचारलं, "सब लोहा ही है ना? प्लास्टिक-व्लास्टिक तो नहीं?"

मी त्याच्याकडे दयेनं बघितलं. "अरे भैया, रेलवे का डब्बा कहीं प्लास्टिक का होता है?"

अर्धा कापलेला पिपा घेतला, त्यात थिनर ओतलं, डबे ओळीनं बुडवले. पेटीच्या तळाशी एक डबा वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवलेला सापडला. म्हातारपणी माणूस विसरतो, असं मनात म्हणत मी तो सोडवला. रंग तसाच तांबडा, पण अक्षर नव्हतं. हातात हलका लागला. हल्ली पत्रा पूर्वीसारखा येत नाही, हा निष्कर्ष मी जागच्या जागी काढला आणि तोही बुडवला. मग पेंटरच्या सूचनेप्रमाणे चहा प्यायलो.

पत्र्याचे डबे खरंच सुरेख निघाले. रंगाची साल सापाच्या कातीसारखी सुटून आली. मी एकेक पुसून उन्हात ठेवत होतो, शीळही घालत होतो. शेवटचा डबा काडीला लागेना. लागला तेव्हा पाकासारखी तार धरून वर आला. एक बाजू आत पडलेली, तळ दुमडलेला, उन्हात विसरलेल्या कुल्फीसारखा. मी घाईघाईनं बाजू दाबून सरळ करायला गेलो, तर माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यात कायमचा उमटला.

बायको बाहेर आली. "हा कुठून काढला?"

"तळाशी राहिला होता."

"राहिला नव्हता. ठेवला होता."

"कोणाचा आहे?"

"तुमचा."

मग ती पायरीवर बसली आणि तिनं सांगितलं. सासऱ्यांच्या हातात आता पत्र्याची कात्री थांबत नव्हती, डाग द्यायचा तापलेला काविया हलायचा. म्हणून त्यांनी गाण्यांच्या जुन्या कॅसेटची प्लास्टिकची कव्हरं कापली आणि चिकटवून डबा केला. मी ऑफिसात असताना, रोज दुपारी थोडा थोडा. ते कव्हर कडक असतं, कापताना तडकतं. कितीतरी वाया गेली. जेवणाच्या दिवशी आत्यासमोर डबा काढायचा होता. बायकोला शपथ घातली होती. सांगता सांगता तिला हसू आलं, मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि थिनरचा वास फार आहे म्हणाली.

"लपवू?" मी विचारलं.

"कुठे लपवाल? बाबा वासावरून सांगतील."

तसंच झालं. दारातूनच सासरे म्हणाले, "थिनर?" अंगणात येऊन त्यांनी पत्र्याचा एकेक डबा उचलून फिरवून बघितला. "चांगले साफ केले." मग तो दिसला. त्यांनी चष्मा पुसला आणि डबा उचलला. मी म्हणालो, "मामाजी, चूक झाली. नवीन करू. तुम्ही सांगा, मी पत्रा कापतो."

त्यांनी माझ्या अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

"नवीन काहून? कारखान्यात याच्याहून बेकार डबे येत होते. लगेच भंगारात नाही टाकत. खडूनं 'सिक' लिहितो, म्हणजे आजारी, दुरुस्तीच्या सिक लाइनीवर घेतो, जेवढा होते तेवढा नीट करतो." आणि खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी त्या लोळ्यावर खरंच 'सिक' लिहिलं. रिटायर माणसाच्या खिशात खडू कशाला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. शर्टाच्या त्या खिशात तो नेहमीच असे.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर फवारणी झाली. फवारायला डास मारायचा जुना हातपंप होता. तांबडा रंग तारपीन घालून पातळ करायचा, गाळायचा आणि पंपात भरायचा. दरवर्षी पंप सासऱ्यांच्याच हातात असे. त्या दिवशी त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "मारा."

मी पंपाचं नाक डब्याला लावून मारला. रंग ओघळून खाली आला.

"लांबून. त्याले काय विडी पेटवून देऊन राहिले?"

मी लांबून मारला. निम्मा रंग वाऱ्यानं माझ्या मिशीवर परत आला. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "डब्यापेक्षा जावयालेच जास्त बसला." शेवटी सासऱ्यांनी मागून माझं मनगट धरलं. "थांबायचं नाही. डब्याच्या आधी सुरू करायचं, डबा संपल्यावर बंद." त्यांचा हात थरथरत होता, माझा घाई करत होता. दोघांचा मिळून एक हात मात्र बरा चालला. इंजिन झालं, डबे झाले. वाकडा डबा सर्वांत शेवटी घेतला. त्यावरचा खडू आधी ओल्या फडक्यानं पुसला आणि दोन पातळ हात दिले, मध्ये पुरता वाळू देऊन. इतर डब्यांना एकच मिळाला.

अक्षरं त्यांनीच काढली. कोणाला बघू देत नव्हते. माझं अक्षर बाजूच्या खड्ड्यात घसरून आडवं पडलं होतं, पण होतं.

महालक्ष्म्या बसल्या. गाडी लागली. माझा डबा कुठे लावतात म्हणून मी माजघराच्या दारात उभा होतो. सासऱ्यांनी तो सगळ्यांच्या मागे, गार्डाच्या डब्याला लागून जोडला. "खराब डबा मागंच लावतात. गार्डाच्या डोळ्यासमोर." सासूबाईंनी त्यात तीळ घातले, ते घरंगळून रुळावर आले. मग मसूर घातली, तीही आली. शेवटी एक सुपारी तेवढी अंगठ्याच्या ठशात नीट बसली. मी बायकोकडे बघितलं, तर ती मुद्दाम समई सारखी करत होती.

जेवणाच्या दिवशी आत्या आली. हात जोडले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली, आणि इंजिनापासून बोट फिरवायला लागली. बोट येत येत सुपारीपाशी थांबलं.

"आन् हा कोणाचा?"

"जावयाचा," सासरे म्हणाले.

मी तेव्हा आंबील आणि पुरणपोळ्या संपवून भिंतीला टेकलो होतो, पाय पसरून, एका बाजूला थोडा कललेला. आत्यानं डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा डब्याकडे, चांगला वेळ घेऊन.

"हव," ती सासऱ्यांना म्हणाली, "हुबेहूब उतरला."