लाकडातली फुलं आणि आमची घाई

आमच्या क्लासात छाप कमी निघतात आणि किस्से जास्त. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा येतो, आणि चहा गार होतो.

इंदिरानगरात सरांच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये आम्ही तिघं जुन्या जपानी पद्धतीनं चित्रं छापायला शिकतो. एक फूल, शेजारी चार ओळींची कविता. दोन्ही आधी लाकडावर कोरायचं, मग ओल्या कागदावर छापायचं. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा. एका फुलाला दोन महिने सहज जातात. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत दम न निघणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं इथं यायलाच नको होतं!

*

हिराबाई मखमलाबादच्या, घरची शेवंतीची शेती. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, कोरण्याआधी तासभर फुलाकडे नुसतं बघा. दहा मिनिटांत हिराबाईंची चुळबुळ सुरू झाली.

"सर, येवढा वेळ बघणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही फुलांच्या पाटीला हात लावू देत नाय."

*

जपानी चित्रात प्रत्येक फुलाचा ऋतू ठरलेला, आणि कवितेतही तोच यायला हवा, असं सर समजावत होते. मग त्यांनी विचारलं, शेवंतीचा ऋतू कोणता? मी हुशारी करून 'शरद' म्हणाले.

हिराबाई म्हणाल्या, "लग्नसराई."

सरांनी थोडा विचार केला आणि तेच फळ्यावर लिहिलं.

*

आता माझा पराक्रम. जास्वंदीच्या रेघा छापून झाल्या, पण पुढच्या रंगापर्यंत धीर कुणाला? मी हेअर ड्रायर फिरवला. कागद आकसला. लाल रंग रेघा सोडून थेट कवितेच्या पहिल्या ओळीवर जाऊन बसला.

सर एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या फुलाला तुमच्याहून जास्त घाई."

*

जाधवकाका सिन्नरच्या कारखान्यात टूलरूमला होते. पाकळी मोजायलाही व्हर्निअर आणतात! पण घाईचं खरं कारण त्यांनाच होतं. काकूंची नजर जात चालली होती. काकूंनी मोगऱ्यावर लिहिलेल्या चार ओळी, मोगऱ्यासकट, नजर आहे तोवर त्यांना छापून दाखवायच्या, एवढंच काकांना हवं होतं.

आम्ही म्हणायचो, काका, झालंय, न्या आता घरी. काका छाप उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." की पुन्हा नवा ठोकळा. त्यांच्या हातातून कागद हिसकावून स्वतःच काकूंना नेऊन द्यावा, असं मला दर वेळी वाटायचं. दिला नाही, याचा अजून राग येतो.

*

चौथा ठोकळा काकांच्या मनासारखा झाला, त्याच आठवड्यात काकूंना दिसायचं बंद झालं. काका क्लासला येईनात. शेवटी सरांनी फोन करून दोघांनाही बोलावून घेतलं.

त्या दिवशी सरांनी काकांच्या ठोकळ्याला शाई लावलीच नाही. ओला जाड कागद त्यावर ठेवला आणि कोपरानं जोर देऊन इंचाइंचानं दाबला. पांढरं फूल जपानी कारागीर असंही, नुसत्या उठावानं छापायचे, म्हणाले.

"कोरा कागद आहे हा," काका पुटपुटले.

सरांनी तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी त्यावर बोट फिरवलं. मग पुन्हा, सावकाश. हिराबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "ही पाकळी जाड झालीये."

काकांनी खुर्ची ओढली आणि त्यांना खेटून बसले.

"कुठली? दाखव."