मालेगावच्या पानमळ्यातली काळी शिकारीण

मामांचं पत्र गुरुवारी आलं. ‘पानमळ्यात गोगलगायी फार झाल्या. शनिवारी सगळ्या वेचून मिठात टाकतो.’ वाचताच मी जायचं ठरवलं. त्या मळ्यात शंख नसलेली एक काळी गोगलगाय आहे. ती पानं खात नाही, दुसऱ्या गोगलगायी खाते. गेल्या भादव्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मामांनी मला वेड्यात काढलं होतं.

शुक्रवारी सकाळी वाशीमहून मोटर धरली. भाडं चार आणे. ड्रायव्हरजवळ बसू नये, इंजिनानं पाय भाजतात. मालेगावला गरम भजी खाऊन पुढे कोसभर चिखल तुडवला. काठी हवीच. गाठोडं मी तीनदा तपासलं.

पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, दाराशीच काढतात. मी इतकं जपून पाऊल टाकत होतो, की मामी हसली. “काहून रे बापू, काटे पेरले का आमी?”

“नाई मामी, तिच्यावर पाय पडंल.”

तासाभराने कुजक्या पानांखाली ती सापडली. बोटभर लांब, अरुंद, पाठ मधोमध उंच.

मामा म्हणाले, “गोगलगाय ते गोगलगाय. टाक मिठात.”

“मामा, एकडाव पाहा तं खरं.”

ओल्या मातीवर मी एक नागवेलीचं पान आणि एक शंखाची गोगलगाय ठेवली. शंखवाली चिकट रेघ ओढत सरकली. काळी थेट पानावर चढली.

“खाऊन राह्यली ना?” मामा म्हणाले.

ती पानावरून तशीच उतरली. चिकट रेघ लागताच वळली आणि रेघेवरून चालू लागली, पण उलट्या दिशेला! थोड्या वेळानं थांबली, फिरली, शंखापाशी पोचली. दोऱ्यासारखी सोंड बाहेर काढून तिनं ती शंखाच्या तोंडात घातली. आम्ही तिघं उकिडवे बसून राहिलो. शेवटी शंख रिकामा.

“अवं, पाह्यलं का!” मामा ओरडले. “हे तं आपली राखणदार निघाली!”

मामांनी तिला स्वतःच्या हातानं वेलाखाली सोडलं. शनिवारी बाकीच्या वेचताना प्रत्येक काळी मला दाखवून बाजूला ठेवली.

आनंदात मी पुन्हा कोसभर चिखल तुडवला आणि मोटरीत बसलो. वाशीमला उतरल्यावर पायाला खडे टोचले, तेव्हा कळलं. आठ दिवसांनी मामांचं पत्र आलं. ‘चपला दाराशी आहेत. काळी वेलाखाली आहे. दोघींलेबी कोणी हात लावत नाही.’