ज्याचा गळ त्याचा मासा

तळ्यावर गळ टाकून बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. मासा लागेपर्यंत तो बोलतो आणि लागलाच नाही तर जास्त बोलतो. आमच्या रविवारच्या कंपूचे किस्से असेच साठत गेले. कंपू म्हणजे मी, परळीच्या थर्मलमधला फिटर. सायकल दुरुस्तीवाले मुनीरभाई. आणि गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन विठ्ठलअण्णा.

* * *

आमचा कायदा एकच. दोरी तोडून पळालेला मासा पुढं कुणालाही घावला, तरी तोंडात ज्याचा गळ, त्याच्या घरी तो पोचवायचा. गळ कुणाचा, ते गाठीवरून कळतं.

एकदा मला चांगला थोराड रोहू लागला, तर जबड्यात मुनीरभाईंचा गळ! मुकाट्यानं नेऊन दिला. संध्याकाळी त्यांच्याकडून डबा आला. आत नुसतं डोकं.

"दिमाग वाढव बे," म्हणाले.

* * *

मरळीला जिवंत बेडकी लागते. चिलापीला कणकेची गोळीही चालते.

"चिलापी म्हंजी पुढारी. कायबी खाती," अण्णा म्हणायचे.

सोसायटी बीज सोडते रोहू-कटल्याचं, पण गळाला येते चिलापीच. हल्लीची पोरं रीलच्या काठ्या ऑनलाइन मागवतात, चिलापीबरोबर फोटो काढतात आणि तिला सोडून देतात.

अण्णाही सोडतात, फोटो न काढता. त्यांचे थोरले भाऊ साहेबराव याच तळ्यावर गळ टाकायला गेले ते परत आले नाहीत. काठावर चपला सापडल्या, देह नाही. तेव्हापासून अण्णा या पाण्यातला मासा खात नाहीत.

* * *

साहेबराव डावखुरे. त्यांची गाठ उलट्या पिळाची. मुनीरभाईंनी ती शिकायला लई डोकं खाजवलं, पण जमली नाही.

देह नाही म्हणून दहावं-तेरावं झालं नाही. वहिनींनी कुंकूही पुसलं नाही. "तळ्यानं सांगू द्या," एवढंच म्हणायच्या.

रविवारी त्यांच्या घरावरून सायकल काढली की माशाच्या कालवणाचा वास यायचा. मासे देतं कोण, असं मी मुनीरभाईंना विचारलं.

"बाजारातून आणत असंल."

बाजार मंगळवारचा. मी पुढं विचारलं नाही. खरं सांगतो, भ्यालो.

* * *

मग दुष्काळ पडला. तळं आटत आटत बुडालेल्या जुन्या गावाच्या विहिरीपुरतं उरलं. अख्खं गाव देव पाण्यात घालून बसलं होतं. अण्णांची भीती वेगळीच.

"हाडं दिसली तर वहिनीला मलाच सांगावं लागंल."

सोसायटीच्या माणसांनी सगळा गाळ तुडवला. मासे निघाले, हाडं नाहीत. शेवटी अण्णांनी विहिरीत गळ टाकला आणि मरळ लागली.

तिच्या तोंडात आणखी एक गळ होता. गंज नाही, लखलखीत. गाठ उलट्या पिळाची.

मुनीरभाईंनी गाठीवर बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. "दोरी नवी हाय," म्हणाले.

त्या दिवशी अण्णांनी मासा सोडला नाही. कायदा तो कायदा. आम्ही तिघं वहिनींच्या दारात गेलो. अण्णांनी मरळ नुसती पुढं धरली.

वहिनींनी ती घेतली, गळाकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला.

"भावजी, आज तुमच्या हाती दिली व्हय ह्यांनी?" म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.