सुरतची बातमी

माझा धाकटा भाऊ घरातून गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक अजून विचारतात, काऊन गेला? तेव्हा माझं डोकं फिरतं. कारण माहीत असतं तर त्या कारणाच्या दारात जाऊन बसले नसते का मी? सेलूत आमचं भांड्यांचं दुकान होतं. सकाळी तो वर्ध्याला माल सांगायला म्हणून निघाला. त्याची सायकल एसटी स्टँडवर सापडली, नीट कुलूप लावलेली. वर्ध्याचा ठोक व्यापारी म्हणाला, पोरगा इकडे आलाच नाही. घरी भांडण झालं नव्हतं. त्याने काही लिहूनही ठेवलं नव्हतं. जेवायला बसल्यावर आई त्याचं ताट वाढायची आणि मग उचलून आत न्यायची.

बाबांनी पोलिसांत तक्रार दिली. हवालदार घरी आले, फोटो घेऊन गेले, स्टँडवरच्या कंडक्टरांना विचारत फिरले. माणूस वाईट नव्हता. कुणीतरी शोधतंय एवढ्यावर आम्ही दिवस ढकलत होतो.

त्याच दिवसांत मला बघायला कारंज्याचे पाहुणे यायचे होते. नाही म्हणायची सोय नव्हती, तारीख आधीच ठरलेली. ते आले, पोहे खाल्ले, मला स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. भावाबद्दल मात्र चकार शब्द नाही. सारं गाव कुजबुजत असताना यांना काहीच कसं विचारावंसं वाटत नाही, असं मनात आलं. पण तेव्हा माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं? पुढे त्या स्थळाचं काही जमलं नाही ते नाहीच.

आणि मग वर्ध्याच्या मामांचा दुकानात फोन आला. नेटवर बातमी आहे म्हणाले, लवकर या.

मी आणि बाबा मिळेल त्या बसने गेलो. इंटरनेट कॅफेत प्लायवूडचे खुराडे होते. एका खुराड्यात मामा उभे आणि स्क्रीनवर नुसते चौकोन. मराठी अक्षरांचा फॉन्ट उतरवावा लागतो म्हणे. कॅफेवाला ते करत होता तेवढ्या वेळात बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग चौकोनांची अक्षरं झाली. सेलूचा बेपत्ता तरुण सुरतेत कापड कंपनीत कामाला असल्याचं विश्वसनीय सूत्रांकडून समजतं. बातमी एवढीच. बाबा तिथेच रडायला लागले.

बाबांच्या लेखी पेपर म्हणजे ताटं गुंडाळायचा कागद. वार्ताहर कसा बातमी करतो ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं, पेपरात आलेलं ते अर्धं सोडूनच द्यायचे. पण ही बातमी संगणकाच्या काचेवर होती.

"कोणती सूत्रं, बाबा?" मी विचारलं. "नाव नाही, गाव नाही."

"बेटा, हे सगळ्या जगात दिसून राह्यलं. खोटं असतं तर कोणी टाकलं असतं का?"

बुडत्याला काडीचा आधार. मलाही ती काडी हवी होती. बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी वर्ध्याहूनच सुरतच्या गाडीत बसले. खिशात भावाचा फोटो होता, तो दर स्टेशनला लोकांना दाखवत जाईन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हवालदार दुकानासमोर भेटले. चेहऱ्यावर मोकळं हसू. "सापडला ना, ताई! नेटवर पाहिलं आमच्या साहेबांनी. आता कायची चौकशी?"

शोध थांबला होता.

मी मामांना कामाला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत कळलं, ती बातमी धाडणारा आमच्याच तालुक्याचा वार्ताहर होता. ज्याच्या पेपरात बाबा ताटं गुंडाळत, तोच. मी त्याच्या घरी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "तुमच्या शेजारच्या काकूंनं सांगतलं. शेजाऱ्यापेक्षा पक्की खबर कोणाची राह्यते?" मी तशीच काकूंकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या.

"मले काऊन इचारतं?" त्या म्हणाल्या. "तुह्या मायनंच सांगतलं ना, नळावर. पोरगा सुरतले गेला, कपड्याच्या कंपनीत लागला म्हणून."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. आई देवापाशी निरांजन लावत होती. मी ओरडलेच तिच्यावर. ती आधी कबूल होईना. मग म्हणाली, "पाहुणे येणार होते ना तुले पाहाले. पोरगं पळालं म्हणू का त्याइले? कोण करंल मंग पोरगी?" आमच्या व्यापारी घरांत पोर हरवत नाही, कामाला जातं. सुरत का, म्हणून विचारलं तर म्हणाली, साड्यांच्या खोक्यांवर वाचलं होतं, तेच तोंडात आलं.

माझ्यासाठीच. रागवायलाही जागा ठेवली नाही तिने.

"आई, ती बातमी म्हणजे तूच आहेस. तुझंच बोलणं फिरून आलं. बाबा तिकडे काय शोधतायत मग?"

तिने निरांजनाची वात पुढे सारली. "पण बाई," ती म्हणाली, "एवढं नेटवर आलं. कोणाले तरी दिसला असंल ना थो."

तेवढ्यात फोन वाजला. सुरतहून बाबा बोलत होते, आवाज पार बसलेला. मी श्वास घेतला. सांगणारच होते की परत या, तिथे कोणी नाही. आईने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला, दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"अवो," ती म्हणाली, "दिसला का?"