चतकोर भाकरीचा फोटो

उभ्या वऱ्हाडात बुरशीला जीव लावणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साठच्या दशकातली गोष्ट. तो अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, मी अकोल्यात फोटोचा स्टुडिओ चालवायचो. आमची सासुरवाडी अमरावतीचीच, आणि तिथला लाडका जावई कोण, हे कळायला मला ज्योतिषी लागत नव्हता.

लोक भाकर ताजी खातात. हा ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी आणि लव उगवली की बाळसं धरलेल्या पोराकडे पाहावं तसा पाहत बसे. एकदा माझ्याकडे येताना मूर्तिजापूरच्या फलाटावर कुणाच्या टाकलेल्या शिदोरीवर त्याला देखणी बुरशी दिसली. हा उतरला, गाडी गेली. घरी माझ्या बायकोचे मांडे निवून गेले. पुढच्या गाडीने आला तर 'दमले असाल' म्हणून त्याचीच सरबराई. मी दमून आलो की मला पिशवी देऊन बाजारात पाठवतात.

पुढे त्याच्या डोक्यात अणुभट्ट्या शिरल्या. देशात त्या होणार, त्यांचं किरणं टाकणारं पाणी बाहेर पडणार, ते धुणार कशानं? बुरशी धातू शोषून घेते, असा त्याचा कयास. गॅसबत्तीच्या कोऱ्या जाळीत थोरियम नावाचा, तशीच किरणं टाकणारा धातू असतो. त्याने जाळ्या पाण्यात भिजवल्या आणि त्या पाण्यात बुरशी आलेली चतकोर भाकर सोडली. तेही कुठे? सासूबाईंच्या लोणच्याच्या खोलीत! मी एकदा ओल्या हाताने बरणी उघडली, तर कैरीला बुरा आला म्हणून वर्षभर ऐकून घेतलं. याने उघड बुरशी पाळली, तर त्याला फक्त आंघोळ करून कोरड्या हाताने आत जायची अट. मला भयंकर हेवा वाटला.

मग पारख करायची वेळ आली. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या दोन काचा. एकीवर वाळवलेली चतकोर, दुसरीवर ते पाणी आटवून उरलेला साका. जिथे धातू, तिथे किरणांनी डाग पडणार. महिन्याभराने काचा माझ्याकडे आल्या. तो अंधाऱ्या खोलीत माझ्याशेजारी उभा होता, आणि मी मनात म्हणत होतो, साक्याची कोरी निघू दे. साक्याची काच खरोखरच कोरी निघाली. दुसरीवर मात्र चतकोर भाकर उमटत गेली, कडेच्या भेगांसकट. "साडभाऊ, पाणी धुतलं गेलं," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. त्याला धरून मीही रडलो.

सासूबाईंनी तो फोटो बैठकीत लावला. त्यांच्या घराण्याचे मी इतके फोटो काढले, भिंतीवर गेला तो हा पहिला. मला वाटलं, याचाही मान त्यालाच जाणार. पण त्या मला म्हणाल्या, "एवढ्या वर्साचे तुमी आमचे फोटू काढून राहिले जावईबुवा, त्यात आमी कोनीच बरे नाई दिसलो. हा मात्र बेस आला."

मुंबईच्या अणुशक्तीवाल्यांना त्याने पत्रं लिहिली, त्यांना उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांनी परवा वर्तमानपत्रात वाचलं, बुरशीने असलं पाणी धुता येतं म्हणे, मोठमोठे लोक त्यावर काम करताहेत. मला त्या लोकांचा हेवा वाटला. कात्रण घेऊन अमरावतीची गाडी गाठायला पायात चपला घातल्या. बायको दारातून म्हणाली, "कोणाले दाखवाल? आता तिथं कोण राहिलं?"

मी चपला काढल्या. फोटो आता माझ्याच घरी आहे.