नळीतली वाळू

नळीतून वाळू पडली तेव्हा मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

सायकल मुरुडला आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचांची. चाचा तरुणपणी मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात होते. त्यांची सायकल गावातल्या कुठल्याच सायकलीसारखी नव्हती. जाड टायर, म्हशीच्या शिंगांसारखं रुंद हँडल आणि सीटपासून पुढे होडीच्या काठासारखी बाक घेत गेलेली वरची नळी. अमेरिकेतल्या एका बंदरावर घेतली आणि जहाजातून आणली, असं चाचा सांगत. त्यांचे मेहुणे, ज्यांना सगळी गल्ली मामू म्हणते, दर जुम्म्याला नमाजानंतर चहाला येत आणि ओट्यावर टेकता टेकता विचारत, "काय दुल्हाभाई, अमेरिका गंजली काय?"

"तुझ्या डोक्यापेक्षा कमी."

"मुंबईच्या भंगारातली हाय ती. अल्ला बघतोय."

"तो बघतोय म्हणूनच तुला चहा देतोय."

लहानपणापासून हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकत आले.

आमच्या घरात वडील पत्रकं काढत. गावाच्या पाण्यावर, मच्छीच्या जेटीवर, एकदा तर सख्ख्या काकांनी बळकावलेल्या वहिवाटीवरसुद्धा. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. खरं असेल ते चारचौघांत सांगायचं, हे मला शाळेच्या आधी कळलं होतं. जुन्या सायकली ओळखून त्यांना पुन्हा उभं करण्याचा नाद नंतर लागला. सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना चालवता यावी म्हणून चाचांनी आपली सायकल माझ्याकडे दिली, तेव्हा मामूंनी जाहीर केलं, "ही बाय बापावर गेलीय, खोटं बोलणार नाय. आता हीच निवाडा करेल."

चाचा हसले. ते हसणं मी संमती समजले.

रंग खरवडला. खाली देशी कारखान्याचा ठसा निघाला. चाकं मोपेडची होती. वरच्या नळीचं एक टोक गंजून उघडं पडलं होतं. सांगाडा उलटा केला आणि वाळू सांडली. काळसर, शिंपल्यांचा चुरा असलेली, आमच्याच किनाऱ्याची. नळी तापवून वाकवताना ती चेपू नये म्हणून आत वाळू ठासतात. म्हणजे ही नळी इथेच, हाताने वाकवलेली होती.

शुक्रवारी मी वाळू वाटीत घेऊन गेले. ओट्यावर चाचा, मामू, चाची आणि नातवंडं होती. मी एकेक पुरावा मांडला, पत्रक वाचून दाखवावं तसा. "ही अमेरिकेची नाही. इथेच बनवलेली आहे."

नातवंडांनी चाचांकडे पाहिलं. चाची कप उचलायला लागल्या, त्यातला एक अजून भरलेला होता. मामू जिंकले होते. शाबासकीसाठी मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते चपला शोधत होते.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला गाठलं. "तुला गप नाय राहता आलं?"

"तुम्हीच म्हणालात, निवाडा कर."

"अगो, मला काय म्हाईत नव्हतं काय? आता पुढल्या जुम्म्याला त्याच्याशी काय बोलू मी?"

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चाचा ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले. शेवटी मी जाऊन म्हणाले, कदाचित माझीच चूक असेल, वाळू नंतर आत गेली असेल.

"इथल्या वाळूबद्दल मला खोटं नको सांगू," चाचा म्हणाले. "तशी सायकल बंदरावर बघितली होती. घेणं जमलं नाय. नजरेत ठेवली आणि घरी येऊन केली." मग म्हणाले, "नळी कशी वाकलीय, ते सांग."

"कुठेच चेपलेली नाही. बाक अगदी एकसारखा आहे."

"मग त्या दिवशी एवढं बोललीस, ते का नाय बोललीस?"

नळीवरून हात फिरवताना ते मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. मुद्द्याचं नाही म्हणून मी ते गाळलं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी बिनरंगाचा सांगाडा खांद्यावर घेऊन मामूंच्या दारात गेले. नुसती नळी त्यांच्यापुढे धरली. मामूंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, मग सावकाश उलटं परत आणलं.

"जराशी वाकडीच हाय," ते म्हणाले आणि टोपी शोधायला लागले. "चल. सांगतोच त्याला."

सांगाडा घेऊन मी त्यांच्या मागून निघाले. बरोबरीने चालायचा धीर झाला नाही.